नव्या अ‍ॅक्वासॉइलमुळे टाकीतले पाणी गढूळ राहिले आहे: थांबावे, पाणी बदलावे की तुरटी फिरवावी?

पाणवेल_पुणे

नमस्कार. मी पुण्यात राहते आणि घरी प्रथमच वनस्पतींची टाकी लावली आहे. टाकी दोन फुटी असून तिची लांबी ६०, रुंदी ३० आणि उंची ३६ सेंटीमीटर आहे. तळाशी भाजलेल्या मातीच्या दाण्यांचे अ‍ॅक्वासॉइल अंथरले आहे. नऊ लिटरची पूर्ण पिशवी वापरल्यामुळे साधारण पाच सेंटीमीटरचा थर झाला. पिशवीवर माती धुऊ नये असे स्पष्ट लिहिलेले असल्यामुळे ती धुतली नाही. तिच्यात क्रिप्टोकोरीन, रोटाला आणि हायग्रोफिला लावले आहेत, लाकडाच्या एका तुकड्यावर जावा फर्न बांधले आहे आणि लहान कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा डब्याचा फिल्टर) अखंड चालू आहे. मासे अद्याप सोडलेले नाहीत.

पाणी भरताना मातीवर ताटली ठेवून तिच्यावर धार सोडली होती, तरीही टाकी अर्धी भरेपर्यंत पाणी तपकिरी झाले आणि मागची काच दिसेनाशी झाली. त्याला आता आठवडा होत आला. तपकिरी रंग बराचसा उतरला आहे, परंतु करडट-पांढुरका धूसरपणा हटत नाही. समोरून पाहिले तर मधले लाकूड अंधुक दिसते आणि आडव्या बाजूने पाहिले तर दुसऱ्या टोकाचे काहीच दिसत नाही.

मला मिळालेले सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत. दुकानदारांनी पाणी निवळवण्याचे बाटलीतले द्रावण घालायला सांगितले आणि पाणी स्वच्छ दिसू लागले की लगेच मासे सोडता येतील, असे आश्वासन दिले. सासूबाईंचे म्हणणे असे की गावी पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवूनच पाणी पीत असत. माणसांना जे चालते ते माशांना का चालू नये? एका परिचितांनी मात्र पाण्याला अजिबात हात लावू नका, पाणी बदलले तर जिवाणू वाढणारच नाहीत, असे बजावले आहे. यांपैकी काय करावे आणि निऑन टेट्रा केव्हा आणावेत, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जुनी_टाकी_नाशिक

नमस्कार. उपाय ठरवण्याआधी हा गढूळपणा नेमका कशाचा आहे हे ठरवावे लागेल, कारण नव्या टाकीत पाणी अनेक कारणांनी धूसर होते आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्यावर लागू पडत नाही, कित्येकदा उलटच पडतो.

पाणी भरताक्षणी जो तपकिरी वा करडा गढूळपणा येतो तो मातीच्या चुऱ्याचा असतो. अ‍ॅक्वासॉइलचे दाणे भाजलेले असले तरी ठिसूळ असतात. पिशवीच्या वाहतुकीत ते एकमेकांवर घासून त्यांची पूड होते आणि ती बहुतेक पिशवीच्या तळाशी साचते. पाणी भरल्यावर काही दिवसांनी, अनेकदा आधी निवळू लागलेल्या पाण्यात, जो दुधाळ पांढरेपणा येतो तो जिवाणूंचा असतो. माती, लाकूड आणि कुजणारी पाने यांतून सुटलेल्या सेंद्रिय पदार्थांवर पाण्यात मोकळे तरंगणारे जिवाणू भराभर वाढतात आणि त्यांचे खाद्य संपले की आपोआप कमी होतात. पाणी पारदर्शक असूनही पिवळसर किंवा चहाच्या रंगाचे दिसत असेल तर तो लाकडातून उतरणाऱ्या टॅनिनचा रंग आहे; तो गढूळपणा नव्हे आणि त्याचा अपायही नाही. हिरवे पाणी हे सूक्ष्म शैवालाचे असते आणि ते सहसा नंतर, प्रकाश व अमोनिया दोन्ही भरपूर असताना उद्भवते. तुमच्या वर्णनावरून चुऱ्याचा संशय अधिक वाटतो, पण आठवडा होत आल्यामुळे जिवाणूही असू शकतील.

आता परिचितांच्या सल्ल्याविषयी. पाणी बदलल्याने उपयुक्त जिवाणू निघून जातात ही समजूत फार पसरलेली आहे, परंतु अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू प्रामुख्याने फिल्टरमधील माध्यम, मातीचे दाणे, काच आणि पाने यांच्या पृष्ठभागांवर चिकटून राहतात. पाण्याबरोबर जातात ते अगदी थोडे. पोषक अ‍ॅक्वासॉइल सुरुवातीचे काही आठवडे पाण्यात अमोनिया सोडत राहते, आणि म्हणूनच या मातीच्या टाकीत पहिल्या आठवड्यात रोज, दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड आणि पुढे आठवड्यातून दोनदा निम्मे पाणी बदलण्याची रीत रूढ आहे. मासे नसतानाही हे करावे, कारण अमोनिया आणि प्रकाश एकत्र आले की शैवाल फोफावते आणि नुकतीच लावलेली, अजून मुळे न धरलेली रोपे त्याखाली दबतात.

पाणी काढण्याची वेळही महत्त्वाची आहे. चुरा तरंगत असतानाच तो पाण्याबरोबर बाहेर जातो. तो पानांवर आणि मातीवर बसल्यानंतर वरचे पाणी कितीही काढले तरी तो टाकीतच राहतो आणि पुढच्या हालचालीला पुन्हा उठतो. म्हणून काढण्याआधी रोपांवरून हाताने हलकेच पाणी हलवावे, पानांवर बसलेली पूड उठू द्यावी, आणि मग सायफनचे तोंड मातीपासून तीन-चार बोटे वर धरून निम्मे पाणी काढावे. भरताना मात्र उलट, अजिबात घाई करू नये. ताटलीवर बादलीतून धार सोडली तर पाणी ताटलीच्या कडेवरून जोरात खाली कोसळते आणि तिथली माती उकरते. त्याऐवजी मातीवर आणि रोपांवर प्लास्टिकचा स्वच्छ कागद पसरावा, बादली टाकीपेक्षा उंच ठेवावी आणि एअर पंपाच्या बारीक नळीने पाणी त्या कागदावर उतरू द्यावे. यात बराच वेळ जातो, पण कागद पाण्याबरोबर वर तरंगत येतो आणि खालची माती जागची हलत नाही.

फिल्टरकडेही पाहावे. कॅनिस्टरबरोबर येणारा जाड स्पंज एवढा बारीक चुरा अडवू शकत नाही. स्पंजनंतर आणि जिवाणू ज्यांवर राहतात त्या सिरॅमिकच्या रिंगांच्या आधी पॉलिएस्टरच्या पांढऱ्या कापसाचा एक सैलसर थर द्यावा. उशीत भरायचा पॉलिएस्टर कापूसही चालतो. मात्र तो सुगंध, रंग किंवा आग रोखणारे रसायन लावलेला नसावा. दुसऱ्या दिवशी तो बाहेर काढून उजेडात धरावा. संपूर्ण थर सारखा तपकिरी झाला असेल तर पाणी त्यातूनच जात आहे. फक्त एक कड तपकिरी आणि बाकीचा भाग पांढराशुभ्र असेल तर पाणी त्याला वळसा घालून जात आहे, आणि मग थर पुन्हा नीट, कडेपर्यंत पसरून बसवावा लागतो. हा कापूस धुऊन वापरण्यापेक्षा बदलावा. रिंगा मात्र नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली धरू नयेत.

गाळ_आणि_पाणी

मी जलशुद्धीकरणाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे तुरटीच्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो. सासूबाईंचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवे.

चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असतात. स्थिर पाण्यात दोन मायक्रॉनचा कण तीस सेंटीमीटर खाली जायला साधारण एक दिवस घेतो, तर अर्ध्या मायक्रॉनच्या कणाला त्याच अंतरासाठी दोन आठवड्यांहून अधिक काळ लागतो, कारण व्यास एक चतुर्थांश झाला की बसण्याचा वेग सोळाव्या हिश्शावर येतो. टाकीतले पाणी तर फिल्टरमुळे सतत फिरत असते, म्हणजे सर्वांत बारीक कण आपणहून बसण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. शिवाय या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि एकत्र येऊन जड होत नाहीत. पाण्यात क्षार पुरेसे असतील तर हा भार झाकला जातो आणि कणांचे पुंजके बनतात. कोकणात नदीचे गढूळ पाणी खाडीतल्या खाऱ्या पाण्याला मिळते तिथे चिखल साचतो त्यामागे हेही एक कारण आहे. पुण्याला मिळणारे खडकवासल्याचे पाणी तुलनेने मृदू आहे आणि अ‍ॅक्वासॉइल त्यातला केएच (कार्बोनेटमुळे असलेली क्षारता) आणखी खाली आणते, त्यामुळे तुमच्या टाकीत हा धूसरपणा रेंगाळणे स्वाभाविक आहे.

तुरटी पाण्यात विरघळली की अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे चिकट, फुगीर पुंजके बनतात. ते मातीचे कण धरून खाली बसतात. हे होताना आम्ल तयार होते आणि पाण्यातली क्षारता खर्ची पडते. पोटॅश तुरटीच्या दर एक मिलिग्रॅममागे सुमारे एक तृतीयांश मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता नाहीशी होते. हंड्यातल्या पाण्यात ती क्षारता असते, पाणी निवळल्यावर वरचे ओतून घेतले जाते आणि गाळ हंड्यातच राहतो. टाकीत यांपैकी काहीच घडत नाही. अ‍ॅक्वासॉइलमुळे केएच आधीच शून्याच्या जवळ आलेला असतो, त्यामुळे पीएच झपाट्याने घसरतो. आम्लधर्मी पाण्यात विरघळलेले अ‍ॅल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांवर बसून श्वसन बिघडवते. आणि बनलेला गाळ रोपांच्या पानांवर तसाच राहतो. अ‍ॅल्युमिनियम पाण्यातले फॉस्फेटही बांधून ठेवते, जे रोपांना हवे असते. म्हणून तुरटी हंड्यासाठी उत्तम आणि या टाकीसाठी वर्ज्य. निवळीच्या किंवा शेवग्याच्या बियांनीही पाणी निवळते, आणि ते अ‍ॅल्युमिनियमविना होते हे खरे. परंतु बियांचा सेंद्रिय अंश पाण्यात उतरतो आणि टाकीत जिवाणूंना आयते खाद्य मिळते.

बाटलीतली द्रावणे बहुधा धनभारित पॉलिमरची असतात. मासे व कोळंबी नसलेल्या टाकीत, बाटलीवरील मात्रेपेक्षा कमी प्रमाणात, एकदा वापरल्यास त्यांचा उपयोग होतो. पण बनलेले पुंजके अडवायला फिल्टरमध्ये बारीक कापूस नसेल तर तेही पुन्हा तळाशीच जातात. कापूस आणि पाणीबदल करूनही फरक पडला नाही तरच तिकडे वळावे, असे माझे मत आहे. सक्रिय कार्बन विरघळलेला रंग काढतो, मातीचे कण काढत नाही. अतिनील दिव्याचा उपयोग हिरव्या पाण्यावर आणि काही प्रमाणात जिवाणूंवर होतो. चुऱ्यावर अजिबात होत नाही.

गढूळपणा मातीचा की जिवाणूंचा हे घरीच तपासता येईल. पारदर्शक काचेच्या, लेबल काढलेल्या, एकेक लिटरच्या दोन बाटल्यांत टाकीचे पाणी भरा. एकीत सपाट चमचाभर साधे मीठ विरघळवा, दुसरी तशीच ठेवा. दोन्ही रात्रभर न हलवता एका जागी राहू द्या आणि सकाळी मागे काळा कागद धरून बाजूने विजेरीचा झोत सोडा. मातीचे कण असतील तर मिठाच्या बाटलीत ते बहुतेक वेळा पुंजके होऊन तळाशी बारीक तपकिरी थर दिसतो आणि वरच्या पाण्यात झोताची रेघ पुसट होते. साध्या बाटलीत ती रेघ ठळक राहते. दोन्ही बाटल्या सारख्याच दुधाळ राहिल्या तर जिवाणूंची शक्यता जास्त. तिसरी बाटली नुसत्या नळाच्या पाण्याची भरून ठेवावी, कारण पावसाळ्यात पुष्कळ ठिकाणी नळालाच गढूळ पाणी येते आणि दोष मातीला दिला जातो. हे मीठ बाटलीतच घालायचे आहे, टाकीत नव्हे.

सोलापूरची_बोअर

वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, पण ज्यांच्याकडे बोअरचे कठीण पाणी आहे त्यांनी रोज निम्मे पाणी बदलण्याचा सल्ला जसाच्या तसा उचलू नये. अ‍ॅक्वासॉइल पाण्यातला केएच आणि पीएच खाली आणते ते दाण्यांच्या मर्यादित क्षमतेवर. प्रत्येक बदलाबरोबर भरपूर क्षार आत आले की ती क्षमता काही महिन्यांतच संपते आणि महागडी माती केवळ दाण्यांचा थर म्हणून उरते. आमच्याकडे मी आरओचे शुद्ध पाणी आणि बोअरचे पाणी मिसळून वापरतो. घरगुती आरओ यंत्रातून बाहेर फेकले जाणारे पाणी मात्र यासाठी वापरू नये, त्यात मूळ पाण्यापेक्षाही जास्त क्षार असतात.

नळाचे पाणी असेल तर क्लोरीन काढल्याशिवाय ते टाकीत घालू नये. सोडियम थायोसल्फेटचे अँटिक्लोरीन मिळते, किंवा बादलीत रात्रभर एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावून ठेवले तरी साधे क्लोरीन उडून जाते. क्लोरामाइन मात्र असे जात नाही.

आणखी एक सुचवतो. सेराटोफायलमच्या काही फांद्या आणि थोडे सॅल्विनिया पाण्यावर सोडून द्यावे. या वेगाने वाढणाऱ्या वनस्पती अमोनियम थेट शोषतात, सॅल्विनिया खालच्या रोपांवर सावलीही धरते, आणि टाकी स्थिरावली की दोन्ही काढून टाकता येतात. काढलेल्या वनस्पती कुंडीत खत म्हणून पुराव्यात. नाल्यात किंवा नदीत टाकू नयेत, ही कळकळीची विनंती; जलपर्णीने मुळा-मुठेचे काय झाले आहे हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको.

पाणवेल_पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाटल्यांची तपासणी केली. मिठाच्या बाटलीत तळाशी दुधाच्या कॉफीच्या रंगाचा अगदी पातळ थर बसला आणि वरचे पाणी जवळजवळ स्वच्छ झाले. बिनमिठाच्या बाटलीत विजेरीचा झोत अजूनही पांढऱ्या पट्ट्यासारखा दिसत होता. नळाच्या पाण्याच्या बाटलीत काहीच दिसले नाही. म्हणजे गढूळपणा मातीचाच आहे. फिल्टरमध्ये कापूस घातला, तो एका बाजूनेच तपकिरी झाल्याचे आढळले, म्हणून पुन्हा नीट बसवला. नळीने पाणी भरण्याची पद्धतही अवलंबली असून आता आडव्या बाजूने पाहिले तरी पलीकडच्या रोपांची पाने ओळखू येतात. सासूबाईंना तुरटीचे उत्तर वाचून दाखवले आणि त्यांना ते पटले.

परंतु एक नवी काळजी उभी राहिली आहे. थेंबांच्या चाचणी संचाने अमोनिया तपासला तर तो ४ मिलिग्रॅम प्रति लिटर आला, पीएच ६.५ आहे. पाणी तर निवळत चालले आहे. मग हा आकडा एवढा कसा, आणि अशा पाण्यात मासे सोडता येतील का?

जुनी_टाकी_नाशिक

सोडू नयेत. दुकानदारांच्या सल्ल्यातली खरी अडचण हीच होती. पाणी स्वच्छ दिसणे आणि ते माशांना राहण्याजोगे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मातीचा चुरा डोळ्यांना खुपतो, पण त्याने सहसा मासे मरत नाहीत; अमोनिया पूर्ण पारदर्शक पाण्यात असतो आणि तोच मारतो. तुमचा ४ हा आकडा नव्या पोषक मातीसाठी नेहमीचाच आहे, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही.

पीएच ६.५ आणि तापमान २५ अंश असताना एकूण अमोनियापैकी हजारात जेमतेम दोन भाग विषारी, मुक्त स्वरूपात असतात; उरलेला सौम्य अमोनियमच्या रूपात असतो. पीएच एक अंकाने वाढला की मुक्त अमोनियाचे प्रमाण जवळजवळ दहापट होते. आता मासे आत असताना तुम्ही निम्मे पाणी बदलले आणि नळाच्या पाण्याने पीएच साडेसातपर्यंत चढवला, तर एकूण अमोनिया निम्मा होऊनही विषारी भाग आधीच्या सुमारे पाचपट होईल. मासे नसतानाच ही मोकळीक आहे, तिचा पुरेपूर उपयोग करून पाणीबदल चालू ठेवा.

रोजचा प्रकाश सध्या सहा तासांपुरता ठेवा. क्रिप्टोकोरीनची पाने वितळल्यासारखी होऊन गळू लागली तर रोप उपटू नका; मुळे शाबूत असतील तर नवी पाने येतात, आणि उपटले तर चुरा पुन्हा उठतो. गळलेली पाने मात्र लगेच उचला. पुढे दुधाळपणा आलाच तर तो जिवाणूंचा असेल. त्या वेळी पाण्यात प्राणवायू कमी होतो, म्हणून रात्री एअर स्टोन चालू ठेवावा, पण तो मातीवर न ठेवता काचेला वर चिकटवावा.

अमोनियाबरोबर नायट्राइटचीही चाचणी सुरू करा. आधी अमोनिया उतरेल, नायट्राइट चढेल आणि मग तोही उतरेल. या सगळ्याला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. पीएच सहाच्या खाली गेला तर हे जिवाणू मंदावतात आणि आणखी वेळ लागतो. दोन्ही आकडे सलग आठवडाभर शून्य राहिले, की मोठा पाणीबदल करून आधी पाच-सहा टेट्रा आणा. निऑन टेट्रा थव्याने राहणारे आहेत, त्यामुळे त्याहून कमी आणू नयेत. उरलेले त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, दोन्ही चाचण्या पुन्हा करून मगच आणावेत.